बिनखिळ्याचा संडास

खरं सांगू? हे लिहिणारच नव्हतो. संडासावर गोष्ट लिहिली तर आमच्या घरचे काय म्हणतील, हा एक प्रश्न. आणि ज्यांची गोष्ट आहे त्या धर्माकाकांना वाईट वाटलं तर, हा दुसरा. शेवटी त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, "लिव. पन मना शहाना करू नको. मी काय शहाना नाय."

म्हणून लिहितोय.

तर धर्माकाका घरत. उरणकडचे आगरी. बाप मिठागरात राबला, मग हे राबले. उन्हाळाभर खारट पाण्यात उभं राहायचं, पायांना भेगा पडायच्या, त्या भेगांत मीठ शिरायचं. प्यायचं पाणी लांबून आणायचं, तेही घरातल्या बायकांनी, डोक्यावरून. पुढे जमीन सरकारने घेतली, मोबदल्यात साडेबारा टक्के योजनेतला प्लॉट मिळाला, प्लॉटवर बिल्डर उभा राहिला आणि त्यातून उलव्याला एक फ्लॅट हाती आला. लिफ्टचा. येसूबाई, म्हणजे काकू, पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरातला नळ सोडून नुसत्या बघत उभ्या राहिल्या. काका म्हणाले, "बंद कर, टाकी रिकामी व्हईल." काकू म्हणाल्या, "होऊदे. परत भरंल."

काही वर्षं त्यांनी तो नळ मनसोक्त वापरला. मग त्या गेल्या.

इथपर्यंत सगळं रीतसर होतं. चूक पुढे झाली, आणि ती काकांनीच केली.

सोफ्यावर बसून, एसी लावून, चहात खारी बुडवत काका रोज सांगायचे, "आमच्या टायमाला काय मजा व्हती! चुलीवरची भाकर, मातीची भिंत, आंगनात चांदना. आजार म्हंजे काय, ते ठावूक नव्हता." आता घरोघरी म्हातारे हेच बोलतात. आणि घरोघरी पोरं "हो बाबा" म्हणून मोबाईलमध्ये डोकं घालतात. काकांचं नशीब असं की त्यांच्या पोराने ऐकलं.

पोरगा प्रज्योत. कंटेनरच्या धंद्यात होता, बऱ्यापैकी चालत होतं. एक दिवस त्याने लॅपटॉप मिटला आणि म्हणाला, "बाबा, मला इथे श्वास घेता येत नाही." काकांना वाटलं दमा. त्यांनी ओळखीतला डॉक्टर सुचवला. प्रज्योतने डॉक्टर सोडून तळा नावाच्या तालुक्याच्या गावापुढे डोंगरउतारावर रान विकत घेतलं, आणि बायको नेत्रा, मुलगी केसर आणि बाप, असे तिघेही उचलून तिथे नेऊन ठेवले.

साधं राहायला किती सामान लागतं, हे काकांना तिथे कळलं.

मातीचं घर बांधायला पुण्याहून आर्किटेक्ट. इथली माती त्याला पसंत पडली नाही म्हणून माती दुसरीकडून, डंपर भरून. मिक्सर बंद, फ्रीज बंद, गॅस बंद. का, तर ती गुलामी. कॅमेरा चालू, दुसरा कॅमेरा चालू, ड्रोन चालू. ते साधेपण. नेत्राने बँकेतली नोकरी सोडली होती. आता ती सकाळी झऱ्यावरून पाणी आणायची, दुपारी पाट्यावर वाटण वाटायची आणि संध्याकाळी, आपलं कुटुंब किती निवांत जगतंय याचा व्हिडिओ अपलोड करायला मोबाईल वर धरून कातळावर उभी राहायची, कारण रेंज फक्त तिथेच. केसरची शाळा सोडवून 'रानशाळा' सुरू झाली होती. सहा महिन्यांत पोर दोन पक्षी ओळखायला आणि चार शिव्या द्यायला शिकली. शिव्या जास्त बिनचूक होत्या.

आणि काका? काका त्या चॅनलचे हिरो. सकाळी त्यांना कोवळ्या उन्हात दगडावर बसवायचं आणि प्रज्योतने म्हणायचं, "बाबा, मातीबद्दल काहीतरी बोला ना."

"काय बोलू?"

"मनात येईल ते."

"माती चांगली आसते."

त्याखाली बासरी लावायची. लोक रडायचे. खाली लिहायचे, असे आजोबा प्रत्येक घरात हवेत. काका ते वाचून म्हणायचे, "घेऊन जा मना. कोनाच्या पन घरात. फक्त लिफ्ट आसू दे."

पण हे ते मनात म्हणायचे. पोराचा उत्साह बघून त्यांच्याच्याने तोंडावर बोलवेना. सुरुवातीला तर त्यांनाही कॅमेऱ्याची चटक लागली होती. त्याच भरात एकदा ते बोलून गेले, "मना त्या डब्यात परत नाय जायचा." डबा म्हणजे उलव्याचा फ्लॅट. हे वाक्य लाखो लोकांनी ऐकलं. त्यात प्रज्योतही होता.

शेजारचा उतार विकायला निघाला तेव्हा त्याने सरळ सांगितलं, "बाबा, फ्लॅट काढून टाकू. गिऱ्हाईक मिळालंय. होळी झाली की सोमवारी पनवेलला तुमची सही. मग इथे आपलं मोठं शिबिर. तुम्हाला तसंही परत जायचं नाहीये."

काका "बघू" म्हणाले. प्रज्योतने ते "हो" असं ऐकलं.

त्या दिवसापासून काकांची झोप उडाली. फ्लॅट गेला की परतायची वाटच गेली. त्या घरात काकूंनी उघडझाप करून झिजवलेला नळ होता. पण हे सांगायचं कसं? ज्या तोंडाने लाखो लोकांसमोर रानाचं गुणगान केलं, त्याच तोंडाने?

आता संडास.

घराच्या मागे, जांभळाखाली, प्रज्योतने सुका संडास बांधला होता. पाणी नाही, फ्लश नाही, वरून भुसा टाकायचा आणि सगळ्याचं खत करायचं. चार भिंती जुन्या सागवानी फळ्यांच्या. दार कुठल्याशा पडक्या घरातून विकत आणलेलं, त्यावर कोरलेला मोर. दारावर पाटी, 'मातीचं मातीला'. आणि सगळ्यात मोठा अभिमान म्हणजे आख्ख्या कामात एकही खिळा नाही, सगळं लाकडी खुंट्यांवर. चॅनलवर सगळ्यात जास्त बघितला गेलेला व्हिडिओ या संडासाचा होता. काकांचा नंबर दुसरा.

फक्त ती बादली उपसून खड्ड्यात टाकायची पाळी काकांकडे होती. प्रज्योत म्हणायचा, "बाबा, हे सोनं आहे." काका म्हणायचे, "मंग तू घे."

काकांना तिथे एकच आधार होता. भागोजी. डोंगराखालच्या वाडीतला कुणबी, काकांच्याच वयाचा. आख्खी उमर मुंबईत कंपनीच्या कँटीनमध्ये काढली आणि म्हातारपणी गावाला येऊन पक्कं घर बांधलं. स्लॅबचं. लोखंडी दार, गॅस, टीव्ही आणि टाइल्स लावलेला संडास. फ्लशचा. काका रोज सकाळी "जरा भागोजीची खबर घेऊन येतो" म्हणून डोंगर उतरायचे. भागोजीची तब्येत एवढी कशी काय बिघडते, असा प्रश्न प्रज्योतला कधी पडला नाही.

होळी जवळ आली. प्रज्योतने वाडीच्या गावकीच्या बैठकीत जाऊन भाषण ठोकलं. शिमग्याला मुंबईहून आलेली पोरं, येसाजी अध्यक्ष, बायामाणसं, सगळी सभामंडपात बसलेली.

"तुम्ही होळीचं लाकूड वखारीतून आणता? टेम्पोने?" प्रज्योत म्हणाला. "अरे, पूर्वी चोरायचे! कुणाच्या परड्यातलं सरपण, कुणाची मोडकी बाज. आणि एकदा होळीत ठेवलं की मालकाने परत मागायचं नाही, तोंडसुद्धा वाकडं करायचं नाही. ही आपली संस्कृती. ती आपणच बुडवली."

वाडीतले लोक शांतपणे ऐकत होते. पाहुण्याला मध्येच तोडायची त्यांची पद्धत नाही. सुजित नावाचा एक पोरगा मात्र उठला. हा गोरेगावला मॉलमध्ये सिक्युरिटीला.

"सर, म्हंजे कुनाचं पन चोरायचं?"

"कुणाचंही."

"आनि मालक काय बोलनार न्हाय?"

"एक शब्द नाही."

"बघा हां, सर."

"माझ्यापासून सुरू करा!" प्रज्योतने हात पसरले. टाळ्या पडल्या. त्या त्याने शूटही केल्या.

दुसऱ्या दिवशी भागोजीच्या पडवीत चहा पिताना भागोजी म्हणाला, "धर्मा, तुज्या पोराला काय येडबीड लागलंय?"

"ते जुना हाय. नवीन काय झाला?"

"आरं, गावात चोरायला लाकूड हाय कुनाकडं? माजं दार लोखंडाचं, खिडकी ॲल्युमिनियमची. चुली मोडून किती वर्सं झाली. सगळ्यांचं त्येच. आख्ख्या डोंगरात लाकडाचं काय आसंल तर तुमच्याकडंच."

काका बशीतल्या चहावर फुंकर मारत राहिले. मोठा डाव वगैरे त्यांच्या डोक्यात कधी शिजला नव्हता. पण गुडघे दुखत होते, सोमवार जवळ येत होता आणि एक साधं गणित समोर मांडलेलं दिसत होतं. संडास गेला की नेत्रा तिथे राहणार नाही. नेत्रा नाही तर शिबिर नाही. आणि शिबिर नाही तर फ्लॅट कशाला विकायचा?

"पोरांना सांग," ते म्हणाले, "सरपनाला हात लावू नका. नेत्राला पावसात जालायला लागंल."

"मग?"

"मागं एक खोली हाय."

भागोजीच्या नाकातून चहा आला. "आरं पन ती वापरातली हाय न्हवं?"

"वापरातली हाय म्हनूनच."

होळीच्या दिवशी प्रज्योत सकाळीच तळा गावात गेला. बॅटऱ्या चार्ज करायच्या होत्या, सोलरला तेवढं झेपत नव्हतं. जाताना फाटकापाशी लाकडांची एक छान मोळी बांधून, वर झेंडूचं फूल खोचून ठेवली आणि समोरच्या ऐनाच्या झाडाला छोटा कॅमेरा बांधला. पोरांनी येऊन ती मोळी चोरायची, कॅमेऱ्यात यायचं. सगळं ठरलेलं. "मी थेट खाली होळीवरच येतो," तो म्हणाला.

दुपारी सुजित आणि आणखी चार पोरं आली. मोळी उचलली, कॅमेऱ्याला नमस्कार केला, एकाने केस नीट केले. मग वळसा घालून मागे आली.

काका हातोडी घेऊन उभेच होते.

पोरांना एकही खुंटी निघेना. सुजित तर तीन वर्षं मॉलच्या दारात नुसता उभा राहिलेला, त्याच्या हाताला ही सवय कुठली? काकांनी हातोडी मारली, टक, टक, आणि भिंती एकेक करून पोरांच्या खांद्यावर टेकल्या. तेवढ्यात नेत्रा पदराला हात पुसत मागच्या दाराशी आली. सगळे जागच्या जागी थिजले. सुजितच्या हातात मोर होता.

नेत्राने मोराकडे बघितलं. सासऱ्याकडे बघितलं. हातोडीकडे बघितलं.

"मी आत पुरण वाटतेय," ती म्हणाली. "मला काही दिसत नाहीये." आणि आत गेली. जाता जाता दार लावून घेतलं.

दिवेलागणीला प्रज्योत होळीच्या माळावर पोचला तेव्हा ढोल लागला होता. मधे सावरीचं झाड उभं, भोवती पेंढा, गोवऱ्या, लाकडं. बाया नैवेद्याची ताटं घेऊन उभ्या. त्याने मोबाईल काढला आणि लाइव्ह गेला. "नमस्कार मित्रांनो! बघा, आपली शेकडो वर्षांची परंपरा, आज या गावात पुन्हा जिवंत होतेय..." त्याने मोबाईल सावकाश फिरवला. पेंढा. गोवऱ्या. फुलाची मोळी. मोर.

मोबाईल मागे आला. मोर. खाली पाटी. मातीचं मातीला.

"हे... अरे... हे..."

सुजितने स्क्रीनमध्ये तोंड घातलं. "नमस्कार मित्रांनो!"

प्रज्योतने मोबाईल छातीशी दाबला. "अरे, संडास आहे तो माझा!"

ढोल थांबला. भागोजीची बायको रंगू पुढे आली. "काय रं सुजित? देवाच्या होळीत संडास ठेवलाव?"

"न्हाय काकी," सुजित घाईने म्हणाला. "दार आनि भिताडं फक्त. वढ्यावर नेऊन धुतली, राख लावून घासली. गुरवाला इचारलंय. बैठक आनली न्हाय. बैठक तिथंच हाय."

रंगूने जरा विचार केला. "मग ठीक हाय," ती म्हणाली.

"ठीक काय? येसाजीकाका, तुम्ही सांगा यांना!" प्रज्योत अध्यक्षांकडे वळला. येसाजी भला माणूस. त्याने घसा साफ केला. "प्रज्योतराव, तुमीच म्हनालाव. एक शब्द न्हाय. तोंड पन वाकडं न्हाय. तुमचं वाइच झालंय."

नेत्रा हसायला लागली. आधी ओठ दाबून, मग जमेना. ताटातली पुरणपोळी हलायला लागली, शेवटी ताट रंगूने धरलं. किती महिन्यांनी हसताना बघितली तिला, काका सांगतात. केसर आईकडे बघून हसली, कारण न कळता.

होळी पेटली. सागवान काय पेटलं म्हणता! मग प्रथेप्रमाणे सगळ्यांनी तोंडावर हात ठेवून बोंब मारली. त्या वर्षी सगळ्यात मनापासून बोंब प्रज्योतने मारली, यावर वाडीत दुमत नाही.

सकाळी उठून बघतात तर जांभळाखाली बैठक तेवढी शिल्लक. चारी बाजूंनी मोकळी, समोर आख्खी दरी आणि खाली लांबवर खाडी. नजारा सुरेख होता. बसायला कोणी तयार नव्हतं.

सगळं कुटुंब टमरेल न घेता भागोजीकडे उतरलं. नेत्रा गेली, केसर गेली, काका तर घरचेच. प्रज्योत अंगणात येरझाऱ्या घालत राहिला. तत्त्वाचा प्रश्न होता. मग तत्त्वाने एकदम घाई केली आणि तोही आत गेला. बराच वेळ बाहेर आला नाही. दोनदा फ्लश झाल्याचा आवाज आला. पहिला गरजेचा, दुसरा बहुतेक आवडीचा.

बाहेर आला तो नव्या जोमाने. "बाबा, मी ठरवलंय. आता दगडाचा बांधू. मोठा. सोमवारी तुमची सही झाली की लगेच काम काढू."

काकांच्या गणितात हे नव्हतं. संडास जळला की पोराचं रान सुटेल असं ते धरून चालले होते, आणि पोरगं संडासासाठीच फ्लॅट विकायला निघालं होतं. आता पळवाट नव्हती. रंगूने दिलेला चहा त्यांनी खाली ठेवला.

"सही नाय करनार मी."

"काय?"

"फ्लॅट विकायचा नाय. आनि पोरांना काय बोलू नको. संडास मीच दिला. खुंट्या मीच काढल्या."

भागोजी उठून उगाच कोंबड्या हाकलायला गेला. कोंबड्या त्याच्याकडे नव्हत्याच.

"पण बाबा, तुम्हीच सांगायचात! चुलीवरची भाकरी, मातीची भिंत, चांदणं... मी काय माझ्या मनाने केलं का हे?"

"सांगायचो. सोफ्यावर बसून सांगायचो. तिथून सगला बरा दिसतो."

"म्हणजे खोटं होतं सगळं?"

हा प्रश्न काकांना कुणी विचारला नव्हता.

"खोटा नाय," ते म्हणाले. "भाकर चांगलीच व्हती. पन ती थापाला तुजी आजी कवा उठायची, ते मी नाय सांगितला. पानी कोन आनायचा, ते नाय सांगितला. मना तरी कुठं आनायला लागायचा? तुजे आयशीला लागायचा. उलव्याला आलो तवा ती नळ सोडून नुसती बघत उभी व्हती. तू कामावर व्हतास. मी बघितला. तो नळ मी नाय विकनार, प्रज्योत. तुना राग येवो नायतर काय पन होवो."

प्रज्योतचे डोळे भरले असावेत. पण तो माझा दोस्त नाही, त्यामुळे खात्रीने सांगता येत नाही. तो एवढंच म्हणाला, "मी नाही येणार परत तिकडे."

"तू रहा. तुना कोन नको बोलतो?"

"जूनला मी आणि केसर उलव्याला जातोय," नेत्रा कप विसळता विसळता म्हणाली. "शाळा सुरू होईल. शनिवार-रविवार येऊ." तिने ते इतकं सहज सांगितलं की सगळ्यांना कळलं, तिचं ठरून बरेच दिवस झालेत. फक्त विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं.

सोमवारी पनवेलला कुणी गेलं नाही. गिऱ्हाईक चिडलं, दुसरा फ्लॅट बघायला गेलं. प्रज्योतने दोन दिवस कुणाशी बोलणं टाकलं आणि तिसऱ्या दिवशी 'अग्नीला अर्पण' नावाचा व्हिडिओ टाकला. जळता मोर, बासरी, त्यागाबद्दल चार वाक्यं. संडासाचा आधीचा रेकॉर्ड मोडला. लोक पुन्हा रडले.

काका आठवड्याने उलव्याला निघाले. भागोजी त्यांची पिशवी घेऊन फाट्यापर्यंत आला. एसटीला वेळ होता. दोघे वडाच्या पारावर बसले.

"जातोस ते बरं करतोस," भागोजी म्हणाला. "पन जूनपास्नं पोरगं एकटंच आसंल हप्ताभर. त्याचं छप्पर बघितलंस काय?"

"नाय."

"वरच्या अंगाचा पेंढा पार कुजलाय. पावसाच्या आत शाकारला न्हाय तर घरात गुडघाभर पानी."

"तू सांग की त्याला."

"माजं ऐकंल व्हय? व्हिडिओ बघून चढंल वर. आनि पडंल."

त्या डोंगरावर आता मेलो तरी पाय ठेवायचा नाही, असं काका सकाळपासून स्वतःला बजावत होते. भागोजीने तंबाखू मळली, अर्धी त्यांच्या हातावर ठेवली. वळणावर एसटीचा हॉर्न वाजला.

"मे सरता सरता येतो," काका उठत म्हणाले. "छप्पर करून देतो. शब्द हाय माजा तुना. पन ऐक भागोजी, राहनार तुज्याकडं. आनि त्याने जर कॅमेरा काढला ना, तर हाय तसा अर्ध्यावर सोडून उतरंन."